पाठमोरा फोटो

"असं लिहिता आलं पाहिजे," म्हणत संपादकांनी ताजा अंक मोठ्या बाईंच्याच टेबलावर ठेवला.

पहिल्या पानावर छोट्या बाईंनी घेतलेली मुलाखत होती. अत्याचार सोसलेली एक तिशीतली शिक्षिका पहिल्यांदाच बोलली होती. खाली बारीक अक्षरात नेहमीची ओळ होती, ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मोठ्या बाई आणि छोट्या बाई ही नावं कार्यालयानेच पाडलेली. मोठ्या बाईंची हयात गुन्ह्यांच्या बातम्या देण्यात गेली होती. त्यांच्या बातमीत कपड्यांचा रंग असे, परतायची वेळ असे, शेजाऱ्यांचं मत असे. अंक हातोहात खपायचा. पण एकही पीडिता आपणहून त्यांच्याकडे कधी आली नव्हती.

"तुझ्याकडेच कशा गं येतात सगळ्या? काही मंतरून देतेस की काय?"

छोट्या बाई हसल्या नाहीत. "मी फार विचारत नाही, ताई. नुसती बसून राहते."

"मग आम्ही काय तोंडं शिवून घ्यायची?"

संध्याकाळी मोठ्या बाई घरी आल्या तर मुलगी तोच अंक घेऊन बसलेली. परीक्षा जवळ आल्यापासून तिचं जेवणाखाण्यात लक्ष नव्हतं. ताट तसंच झाकून ठेवलेलं होतं.

"तूसुद्धा तिचीच भक्त का?" बाईंनी पर्स खुर्चीवर फेकली. "आईचं कधी वाचतेस?"

"सगळं वाचते," मुलगी म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. संपादक गेले, वाचक गेले, आता पोटची पोरही तिच्याच बाजूला.

दुसऱ्या दिवशी छोट्या बाईंचं फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं. "शनिवारी दुपारी माझ्याच घरी ये. राहिलेलं बोलू." मोठ्या बाईंनी लगेच फोटोवाल्याला गाठलं.

शनिवारी दोघं समोरच्या फुटपाथला गाडी लावून बसले.

"चेहरा नको. पाठमोरी घे," बाई म्हणाल्या. "कायद्यात बसतं."

"छोट्या बाईंना कळलं तर माझी काही धडगत नाही हं."

"कळू दे की! उद्या तिच्या मुलाखतीच्या डोक्यावर माझी बातमी असेल."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. ती बाहेर आली. तोंडाभोवती स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा आणि अंगात छोट्या बाईंचा तो करडा, ढगळ कोट. कार्यालयात रोज खुर्चीच्या पाठीवर लटकणारा.

"बघ, अंगावरचा कोटसुद्धा काढून देते. म्हणूनच भुलतात बायका," मोठ्या बाई पुटपुटल्या.

ती खाली मान घालून कोपऱ्याकडे चालू लागली. मागून कॅमेरा खटखटला. बाई गाडीतून उतरल्या आणि रेकॉर्डर पुढे धरून जवळजवळ धावतच तिच्या मागे गेल्या.

"मॅडम, एकच प्रश्न! इतके दिवस घरच्यांपासून का लपवलंत?"

ती थांबली. वळली मात्र नाही.

"आई," ती म्हणाली, "आधी त्याला कॅमेरा खाली ठेवायला सांग."