खराट्याचं झाड

नाताळच्या सकाळी यामिनीने आईशी बोलणं कायमचं बंद केलं. चहा हवा असल्यामुळे तसं काही घडलंच नाही, असं धरून चालू. घडलं ते इतकंच, की आईने ख्रिसमस ट्रीने बाल्कनी झाडली. यामिनी सात वर्षांची असताना बाबांची कोलकात्याला बदली झाली. शेजाऱ्यांचं सजवलेलं झाड बघून ती रडली, तेव्हा बाबांनी नवाकोरा खराटा बादलीत उलटा रोवून त्याला गणपतीतली उरलेली कापसाची वस्त्रं बर्फ म्हणून पांघरली. दरवर्षी तोच माळ्यावरून उतरायचा. “आई, झाड होतं ते.” “खराटा होता. जुन्याच्या काड्या झडल्यात, हा वर्षभर नुसता लोळतो.” यामिनी तरातरा बाबांकडे गेली. बँकेतून निवृत्त होऊनही ते अर्जाशिवाय काही ऐकत नसत. तिने लिहिलं: “सदर खराट्यास झाड घोषित करून अर्जदाराचे वय पूर्ववत सात करण्यात यावे, ही विनंती.”