म्हाळसेचा हात

शकुबाईनं सकाळचाच चहाचा चोथा पुन्हा उकळत्या पाण्यात टाकला, लगेच स्टोव्ह बंद केला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. रंग आपोआप उतरतो. तेवढंच रॉकेल वाचलं.

सर्जेरावनं एक घोट घेतला.

"म्हाळसा ह्योच चोथा सांजच्यालाबी चालवायची," तो म्हणाला. शांतपणे, कौतुकानं.

शकुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण मेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं?

म्हाळसा म्हणजे सर्जेरावची पहिली बायको. बाळंतपणात गेली, मूलही गेलं. वर्ष सरायच्या आत त्यानं मामाच्या मुलीशी, म्हणजे शकुबाईशी लग्न केलं, गाव सोडलं आणि कारखान्यातली नोकरी जवळ पडावी म्हणून माळेगावात भाड्याची खोली घेतली. इथं म्हाळसेला पाहिलेलं कोणी नव्हतं. शकुबाईनंही तिला एकदाच, तिच्या लग्नाच्या मांडवात पाहिलं होतं. आता मात्र ती कायमची गळ्यातच येऊन बसली होती. रिवाजाप्रमाणे मेलेल्या सवतीची खूण म्हणून चांदीचा टाक मंगळसूत्राशेजारी ओवलेला, आणि जेवायच्या आधी पहिला घास त्या टाकाला दाखवायचा. शकुबाई घास दाखवायची आणि मनात म्हणायची, गीळ.

माहेरी, अंथुर्ण्यात, शकूइतकं उधळं कोणी नव्हतं. दारात म्हशी, घरात दुधातुपाची चंगळ. ती दूध तांब्यानं प्यायची, साबण हौदावर विसरून यायची, दिवा जळता ठेवून झोपायची. आई कपाळाला हात लावायची. अशी मुलगी इथं येऊन बदलली, कारण म्हाळसा प्रत्येक गोष्टीत तिच्यापुढं उभी होती.

म्हाळसा म्हणे साबणाच्या वडीचे तुकडे करून एकच बाहेर ठेवायची, म्हणून शकुबाईनं कपड्यांना रिठे आणि भांड्यांना राख धरली. म्हाळसा आमटीत तेल थेंबानं सोडायची, तर शकुबाई तेलाचं फडकं नुसतं कढईतून फिरवायची. जुन्या लुगड्यांच्या वाकळा झाल्या, फाटक्या पोत्यांची पायपुसणी झाली. स्वतःला नवं लुगडं तिनं दिवाळीलाही घेतलं नाही.

"बरं हाय," सर्जेराव म्हणायचा. "पर म्हाळसेचा हात येगळाच."

वाचलेल्या पैशाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. बारामतीत जागा घ्यायची घाई त्याला होती. तिला फक्त एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं की शकू म्हाळसेपेक्षा सरस.

मग तिला दिवस गेले. वडिलांनी अंथुर्ण्याहून एक दुभती म्हैस आणून दारात बांधली, लेकीच्या पोटात दूध जावं म्हणून.

"म्हाळसेनं गरवारपणात दुधाला हात लावला न्हाय," सर्जेराव धार काढता काढता म्हणाला. "समदं डेरीला. म्या कवा सांगितलं न्हाय हां तिला. तिची तीच."

"मला तरी कुठं आवडतंय दूध," शकुबाई म्हणाली.

सातव्या महिन्यात दवाखान्यातल्या सिस्टरनं तिच्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली.

"अंगात रक्त नाही. असंच चाललं तर बाळ हाती लागणार नाही, आणि तूही नाही. दूध पितेस ना?"

शकुबाईनं मान डोलावली. दोन्ही वेळचं दूध डेअरीला जातच राहिलं. पोटातलं मूल बराच वेळ हललं नाही की ती घाबरायची, पोटावर हात धरून बसायची. मग सर्जेराव किटली मागायचा आणि ती भरून द्यायची. हट्टच तसा होता.

त्याच आठवड्यात म्हाळसेची आई, कुशाबाई, शकुबाईची ओटी भरायला आली. लेकीच्या जागी आलेली बाई ती आपली लेकच, असं मानायची रीत. सर्जेराव कारखान्यात पाळीवर गेला होता. शकुबाईला बरंच वाटलं. जिच्या पोटी म्हाळसा जन्मली, तिच्याच तोंडून आज निकाल लागणार होता. तिनं कोरा चहा दिला, मग भाकरी आणि बिनतेलाची आमटी वाढली.

कुशाबाई ताटाकडं बघत राहिली.

"दारात म्हस हाय की गं."

"दूध डेरीला जातंय, आई. मीबी घेत न्हाय. म्हाळसाताई घेत नव्हत्या, तसंच."

"आन् आमटी?"

"तीबी त्यांच्यासारखीच. समदं त्यांच्यासारखंच करती मी. तुमीच सांगा, कुठं कमी पडती का?"

कुशाबाईनं ताट बाजूला सारलं.

"कुणी सांगितलं तुला? म्हाळसेचा हात लई सैल. आल्यागेल्याला तूप वाढायची, आळीभर ताक वाटायची. त्यावरनंच जावयाची रोजची कटकट."

"मग दूध?"

"सोडलं की, शेवटाला. समदंच सोडलं. दूध सोडलं, तेल सोडलं, अंगावर चांगलं लुगडं घेईना. वाळून काटकी झाली. मी पाया पडले लेकीच्या, पर ऐकंना. एका बाईचा राग डोक्यात घिऊन बसली हुती. जावई उठता बसता त्या बाईचं नाव काढायचा. तिचा हात बघ, तिची काटकसर बघ, तिच्याकडनं शीक. पोरगी म्हणायची, मरंन, पर तिला मागं टाकंन."

शकुबाई पुढं सरकली.

"कोण बाई?"

कुशाबाईनं पिशवीतनं खण-नारळ काढला, तिच्या ओटीत घातला आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"जावयाच्या मामाची लेक," ती म्हणाली. "अंथुर्ण्याची शकू."