तळं आणि मुख्याधिकारी

"हा व्हीआर चष्मा मध्येच काढायचा नाही. समोर तळं दिसेल. मनात साचलेलं सगळं बोलायचं, तीच तुमची डायरी," माझ्या मनगटाला नाडी मोजायच्या यंत्राचा पट्टा बांधत समुपदेशक बाई म्हणाल्या. नगरपालिकेच्या पाणीपट्टीच्या खिडकीवर मी तीनदा लोकांशी भांडलो होतो. आता नाडी शांत आली तर खिडकी परत, नाहीतर बदली.

तळं झकास होतं. बदकं होती, माणूस एकही नव्हता. मग मी कशाला लाजू? "मुख्याधिकारी म्हणजे बिनकामाचा बैल! नळाला पाणी हा सोडत नाही, शिव्या मी खातो! उद्घाटनाचे पेढे मात्र एकटा हाणतो!" दहा मिनिटांत छातीवरचा धोंडा उतरला.

चष्मा काढला. समोर मुख्याधिकारी, लालबुंद होऊन उभे. तळ्याकाठी माणूस नसला तरी खोलीत असतो, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं.

"घुगे, तुमची बदली..."

"थांबा साहेब," बाईंनी यंत्र पाहिलं. "यांची नाडी बाहत्तर. हे पास. तुमचा हात द्या." मनगटाला पट्टा बांधताच यंत्र कोकलायला लागलं.

साहेबांच्या डोळ्यांवर चष्मा चढला. "हा घुगे म्हणजे..." त्यांनी सुरुवात केली.

मी बदकासारखा शांत ऐकत बसलो.