कोपऱ्यातला पालक

नीताने पालकाची जुडी निवडायला घेतली आणि तशीच कचऱ्याच्या डब्यात टाकली. भाजी टळली म्हणून तिची लेक मिताली खूश झाली. नीताला मात्र धास्तीने काही सुचत नव्हतं.

करंजाडेतल्या त्यांच्या सोसायटीत सांडपाणी शुद्ध करून मागच्या भाजीच्या वाफ्यांना सोडत. नीताचा कॉलेजातला मित्र विश्वजीत माती तपासायच्या लॅबमध्ये होता. तो सहज बोलून गेला होता, की माणसांनी घेतलेली औषधं लघवीवाटे त्या पाण्यात उतरतात. तापाची गोळी मातीत लवकर विरते. फिट्सची मात्र भारी चिवट, मातीत मुक्काम ठोकते आणि पाण्याबरोबर पानांत चढते. झालं! नीताच्या जिवाला घोर लागला. तिने प्रत्येक वाफ्यातली माती त्याच्याकडे धाडली.

कारण फिट्सची गोळी घरात आधीच होती. सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची. गोळी चुकवली नाही तर खुशाल स्कूटर चालवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नातीला शाळेत सोडायचं काम अण्णा कुणालाही देत नसत.

पण हल्ली त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. बोलता बोलता मध्येच हरवायचे. काल चहाचा कप हातातून निसटला आणि कसा ते त्यांना आठवेचना. रोजची गोळी, वर पालकातूनही तेच औषध. डोस जास्त होतोय, दुसरं काय! आणि तीच भाजी इतके दिवस पोरीच्याही पोटात गेली. नीताला स्वतःचाच राग आला.

सकाळी अण्णांच्या तळहातावर गोळी ठेवत ती म्हणाली, "संध्याकाळी डॉक्टरांना विचारून ही अर्धी करू या."

"कर बाई," अण्णा म्हणाले. "डोकं नुसतं जड होतं हिच्यानं."

गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन ते नेहमीसारखे खाली उतरले. कोपऱ्यातल्या पालकापाशी उभं राहून सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय ते तोंडात काही घालत नसत, गोळीसुद्धा. परत येऊन त्यांनी तांब्या ओट्यावर ठेवला, मितालीचं दप्तर उचललं आणि दोघं निघाले. स्कूटरचा आवाज हायवेच्या दिशेने गेला.

तेवढ्यात विश्वजीतचा फोन आला. जवळजवळ सगळ्या वाफ्यांत औषध नावापुरतंच होतं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. नीताला हायसं वाटलं. फोन खांद्याशी धरून तिने तांब्या घासायला घेतला.

"फक्त कोपऱ्यातल्या पालकाच्या मातीत भयंकर आहे," तो म्हणाला. "पाणी तर सगळ्यांना तेच ना? मग या एकट्या वाफ्यात एवढं आलं कुठून?"

नीताने तांब्यात पाहिलं. तांब्याच्या तळाशी आजची गोळी चिकटली होती, अर्धी विरघळलेली.