तहातला एक सेकंद

रोज दुपारी बारा ते एक दोन्हीकडची लढाऊ यंत्रं गप्प राहत. तेवढ्या तासात लोक नदीवरून पाणी आणत, जखमींना उचलून आणत. हा तह ज्या घड्याळांवर चालायचा, त्यांतली नदीच्या या बाजूची वैजयंती सोमणने लावलेली होती. म्हणूनच गेनू ढवळे तहाच्या तासातच मारला गेल्यावर ती स्वतः त्याच्या घरी आली.

"बाई, एक वाजला नव्हता ना?" गेनूच्या बायकोने, सुंदराने विचारलं.

"आपल्या घड्याळात नव्हता. पृथ्वीची गती किंचित मंदावते, म्हणून घड्याळांत कधीतरी एक सेकंद वाढवावा लागतो. आपण परवा वाढवला. पलीकडच्यांनी वाढवलाच नाही. त्यांचं यंत्र एक सेकंद आधी सुरू झालं."

"एका सेकंदात माणूस जातो?"

"गेनूभाऊंचं आडोशाला पोचायला एकच पाऊल राहिलं होतं."

वैजयंतीला तिथेच उठता आलं असतं. पण ती म्हणाली, "शेवटची पाच मिनिटं सोडून लोकांना आधीच परत बोलवा, असं सेनापती म्हणत होते. मीच भांडले. लोकांना पुरता तास मिळालाच पाहिजे, म्हटलं."

आता ही शिव्या देईल, असं तिला वाटलं. त्या तिने निमूट ऐकल्या असत्या.

सुंदरा म्हणाली, "माझ्या भावाला आमच्या ह्यांनी त्या पाच मिनिटांतच उचलून आणलं होतं, बाई. मागल्या महिन्यात."

आतून कोणीतरी कण्हलं. डोळे पुसून सुंदरा त्याला पाणी द्यायला उठली.