दहा तास बावन्न मिनिटं

पोह्यांच्या प्लेटा आत गेल्या आणि मुलीच्या बापानं, घनश्यामनं, पाहुण्या मुलाला सहज विचारलं, पुण्याहून आर्णीला यायला किती वेळ लागतो?

"पाचशे शहाण्णव किलोमीटर," रजत म्हणाला. "दहा तास बावन्न मिनिटं."

उत्तर तोंडपाठ होतं. मुलगी पाहायला ढाणकीहून निघाल्यावर आईनं, विमलताईनं, ते गाडीत त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं. मोबाइलच्या नकाशात दिसलं ते, मिनिटांसकट. वावर करणारा, शेतीतला मुलगा दाखवूच नका, असा मुलीकडचा निरोप होता. म्हणून रजतला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली होती, गेल्या मंगळवारी, घरच्या ओसरीवर बसल्या बसल्या.

ट्रॅव्हल्सनं येणाऱ्या माणसाला मिनिटं ठाऊक नसतात. तो रात्री बसलो म्हणतो, सकाळी उतरलो म्हणतो, कंबर मोडली म्हणतो.

घनश्यामनं मग गाडी जेवायला कुठं थांबते ते विचारलं. नकाशात ते नव्हतं. रजतनं आईकडे पाहिलं, आणि त्यानं आईकडे पाहिलं हे सगळ्यांनी पाहिलं. तो गाडीत झोपूनच असतो, असं विमलताई घाईघाईनं म्हणाली आणि कंपनी केवढी मोठी आहे ते पुन्हा सांगू लागली. रजतचे कान तापले. जमीन दुभंगली असती तर तो चहाच्या कपासकट आत गेला असता.

घनश्याम भला माणूस. त्यानं विषय वाढवला नाही. पोरापोरीला दोन शब्द बोलू द्या म्हणाला.

मुलगी, खुशी, त्याला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथं तुराट्यांचा ढीग होता, फवारणीचा पंप होता. पुण्याला ती दोनदा परीक्षेला जाऊन आली होती, तेवढंच तिनं सांगितलं.

"मी कधीच नाही गेलो," रजत म्हणाला. "वावर करतो. नऊ एकर."

"आत काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं पोहे भेटले नसते."

तिला हसू आलं. त्याला येईना. सकाळी निघताना त्यानं नखांतली माती काडीनं कोरून काढली होती. त्या मातीची लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती. आज वाटली, आणि ती वाटली याचीच त्याला आता जास्त लाज वाटत होती.

तरी मुलगी त्याला आवडली होती. म्हणून त्यानं सांगून पाहिलं, की विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असतं, आणि घरून वावर गाडीनं सात मिनिटांवर आहे. ही मिनिटं खरी होती.

खुशीनं पंप भिंतीशी सरकवला.

"आमच्या बाबाचंही वावरच आहे," ती म्हणाली. "तो निरोप बाबाचा नव्हता. माहाच होता."

रजतनं मान डोलावली. आत विमलताई अजून कंपनीचंच सांगत होती, कंपनीची बस खोलीपर्यंत न्यायला येते म्हणून. दोघांनाही ते स्वच्छ ऐकू येत होतं.

आत जाता जाता खुशी दाराशी थांबली. आवाज खाली आणून, त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "तेरा तास लागते. पुढच्या घरी तेरा सांगा."