भू भू की वान वान

“कुत्रा भू भू करतो,” शर्वरी म्हणाली.

“नाही, वान वान करतो,” जपानहून सुट्टीला आलेली तिची चुलतबहीण हटून बसली. “आमच्याकडे सगळे कुत्रे तसंच करतात.” भांडण मिटेना, तेव्हा दोघी चित्रांचं पुस्तक घेऊन आजोबांपुढे उभ्या राहिल्या.

कालिंदीआजींना गलबलून आलं. रेडिओवरच्या नाटकांत तीस वर्षं प्राण्यांचे आवाज ह्यांनीच काढले होते. घरी सराव सुरू झाला की त्या करवादायच्या, “जरा माणसांसारखं बोला.” आणि आता, पक्षाघाताचा झटका आल्यापासून पाच महिन्यांत, ह्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

आजोबांनी चित्र निरखलं, मान ताणली, छातीत श्वास भरला आणि ते भुंकले. ते ना भू भू होतं, ना वान वान. खोलीत साक्षात कुत्रा शिरला होता. खालच्या गल्लीतल्या चारही कुत्र्यांनी भुंकून त्याला उत्तर दिलं.

मुली भांडण विसरून आजोबांकडे बघत राहिल्या. आजींनी डोळे पुसले आणि पुस्तकाचं पान उलटलं.

“आता म्हैस.”